जुईनगरच्या हॉलमधलं अर्धं लग्न

माणसानं एकाच बायकोशी दोनदा लग्न करू नये. पहिल्या वेळी तो तरुण असतो, हळद अंगाला शोभते आणि काय चाललंय हे त्याला फारसं कळत नसतं. दुसऱ्या वेळी सगळं कळत असतं, पोट सुटलेलं असतं आणि सोसायटीतली मंडळी बाल्कनीतून बघत असतात. मी हे अनुभवानं सांगतोय. माझं दुसरं लग्न जुईनगरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये लागलं, तेही दोन हप्त्यांत. मधल्या काळात मी अर्धा विवाहित होतो, आणि तेवढ्या काळात जेवढी शरम वाटली तेवढी उरलेलं सगळं आयुष्य एकत्र केलं तरी भरणार नाही.

याला कारण मैत्रसेतू सेवा क्लब. मी त्याचा सेक्रेटरी. आमचा क्लब म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूरकडून येऊन इथल्या फ्लॅटांत स्थिरावलेली पंचवीसेक माणसं. दर शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये सभा. आधी प्रार्थना, मग मागच्या सभेचं इतिवृत्त, मग बटाटेवडे, आणि वडे संपले की समाजसेवा. अध्यक्ष कृष्णातराव शेळके, वाशीच्या मार्केटात कांदाबटाट्याचे व्यापारी. माणूस दिलदार, पण आवाज मार्केटचा. कानात सांगायची गोष्टही ते लिलाव पुकारावा तशी सांगत.

तर शहाण्णव सालच्या जानेवारीत कृष्णातरावांनी जाहीर केलं की प्रांतपाल, म्हणजे आमच्यासारख्या सगळ्या क्लबांच्या वरचे साहेब, पुढच्या महिन्यात भेट द्यायला येणार आहेत, आणि यंदा 'दोन संस्कृतींमधला पूल' बांधणाऱ्या क्लबाला ढाल मिळणार आहे.

"पूल बांधायला आपल्याला लांब जायला नगं," ते म्हणाले. "स्टेशनाच्या पल्याड आगरी लोकांचं गाव हाय. आपण हितं चार वर्सं ऱ्हातोय, पण त्या गावात कशाला गेलोय? तर बोंबील आणायला. हाय का न्हाय?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग सूचना आल्या. एकानं गावात हात धुण्याचं प्रात्यक्षिक सुचवलं. दुसऱ्यानं चष्मेवाटप सुचवलं, कारण त्याच्या मेव्हण्याचं चष्म्याचं दुकान होतं. माझं दुर्दैव असं की मला अधूनमधून चांगल्या कल्पना सुचतात. मी उठून म्हणालो, "आपण नेहमी द्यायला जातो. या वेळी घेऊ या. त्यांच्यात लग्नाची जुनी गाणी म्हणणाऱ्या बायका असतात. त्यांना मानानं आपल्या व्यासपीठावर बोलवू." टाळ्या पडल्या. वड्यांच्या ताटापर्यंत पोचेस्तोवर तिघांनी माझा हात हातात घेतला. इतकं कौतुक माझं घरी कधी झालं नव्हतं.

माझी नोकरी महाप्याला. आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये प्रितेश म्हणून मुलगा होता, त्याच गावचा. त्याला विचारलं.

"धवलारीन पायजे का तुमाला? मंग लांब कशाला साहेब, आमची आजीच धवलारीन हाय. धोंडूबाय. पन टेन्शन काय हाय माहितीय का, ती प्रोग्रामवाली नाय. ती लग्न लावते."

"लग्नात गाणी म्हणते," मी त्याची चूक सुधारली.

"नाय साहेब. ती धवलं गाते तवाच लग्न लागतं. भट आमच्यात नंतर आले."

या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात कार्यक्रमपत्रिका छापून तयार होती: स्वागतगीत, पारंपरिक धवले (दहा मिनिटे), प्रांतपालांचे मार्गदर्शन, अल्पोपाहार.

रविवारी मी आणि माझी बायको वेणू गावात गेलो. वेणूला नेलं कारण बायकांशी बोलायला बाई असलेली बरी, आणि येताना मासळीही घेता येते. धोंडूबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, लुगडं गुडघ्याच्या वर आवळलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. प्रितेशची बहीण रुतिका चहा घेऊन आली. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा उरणकडचा. आमचा कार्यक्रम रविवारी, तिची हळद त्यानंतरच्या मंगळवारी. घराला रंग लागत होता आणि सुकटीला त्याचा वास येत होता.

मी मुद्दा मांडला. धोंडूबाईंनी ऐकून घेतलं, सुकटीतला खडा काढून अंगणात टाकला आणि विचारलं, "नवरा कोन, नवरी कोन?"

"नाही, तसं लग्न नाही. फक्त गाणी."

"नवरा-नवरीबिगर धवलं कशी लावायची र? मी काय रेडू हाय, बटन दाबलं का गायला?"

मी म्हणालो, आपण प्रतीकात्मक करू, दोन बाहुल्या ठेवू. धोंडूबाईंनी रुतिकाकडे बघितलं. या माणसाला चहा दिलास तेवढा पुरे, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

"आजी, जा ना गो," रुतिका म्हणाली. "मोठ्या लोकांसमोर सत्कार करतान. शाल देतान. माइक पन हाय."

"माइक?" धोंडूबाईंचा हात थांबला. "त्या पल्याडच्या गावच्या धवलारनीला मागच्या साली माइक दिलेला. आवाज ऐकलास का तिचा? बोका रडतो तसा."

एवढ्यात वेणू बोलली. मी तिला बोलायला सांगितलं नव्हतं. "आम्ही बसतो की. हे आणि मी. आमच्या लग्नात गाणी झालीच नाहीत. बहात्तरच्या दुष्काळातलं लग्न. वाजंत्री नाही, हळदसुद्धा उरकून घेतली. गाणी म्हणणाऱ्या बायका सगळ्या खडी फोडायच्या कामावर गेलेल्या."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी स्वतः त्या लग्नाला हजर होतो, पण गाणी झाली नाहीत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धोंडूबाईंनी तिचा हात धरला. "कोनी काय गायलं नाय? देव नाय बोलावलं? मंग गो बाय, तुजं लगीन अर्दंच हाय."

मला रागच आला. पोरगी कॉलेजात, घराचे हप्ते निम्मे फिटलेले, आणि म्हणे लग्न अर्धं!

"लावीन मी," धोंडूबाई म्हणाल्या. "पन आयक र नवऱ्या. एकदा देव बोलावलं का मधी थांबायचं नाय. त्यांना बसवायचं, मान द्यायचा, नी पोचवायचं. मंगच उठायचं."

"साधारण किती वेळ लागेल?"

"देव किती येतान त्याच्यावर."

मी मान डोलावली. सेक्रेटरीला मान डोलवायची सवयच असते.

सोसायटीत बातमी माझ्या आधी पोचली. आमच्या खालच्या मजल्यावर आप्पा राहतात. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. हॉलची किल्ली त्यांच्याकडे. ते जिन्यात वाट अडवून म्हणाले, "लग्न म्हटलं की हॉलला लग्नाचे नियम लागतात. मांसाहार नाही, तांदूळ उधळायचे नाहीत, आणि वऱ्हाडानं लिफ्टमध्ये पानं थुंकायची नाहीत."

"आप्पा, वऱ्हाड म्हणजे क्लबाचे सभासद आहेत."

"म्हणून तर सांगतोय."

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मुंडावळ्या आणून दिल्या. कुणी सुचवलं की मी घोड्यावरून यावं, म्हणजे प्रांतपालांवर छाप पडेल. वॉचमननं सलाम ठोकून अभिनंदन केलं. आमची तेजश्री मात्र दोन दिवस खोलीचं दार लावून बसली. "मैत्रिणी पिक्चरला बोलावतायत. त्यांना काय सांगू, आईबाबांचं लग्न आहे म्हणून?"

मग लाउडस्पीकरचा परवाना. चौकीतले हवालदार कागद बघून म्हणाले, "सभा लिहिलंय, आणि खाली लग्न लिहिलंय. लग्न का सभा?"

"प्रतीकात्मक लग्न आहे."

"तसा कॉलम नाय. एक काय ते बोला."

"लग्न," मी म्हणालो.

"नवरीचं वय?"

"त्रेचाळीस."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पैलंच?"

"हो. माझंही पहिलंच. म्हणजे एकमेकांशीच झालेलं आहे, आता परत."

हवालदारांनी मला बसायला खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक हाय ना, साहेब?" मग शिक्का मारला. लोकांची सहानुभूती मला नेहमी चुकीच्या वेळी मिळते.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. चारची वेळ होती. साडेतीनला गावाकडून टेम्पो आला, त्यामागे दुसरा. मला वाटलं होतं धोंडूबाई आणि दोघी-तिघी झील धरणाऱ्या येतील. पण धोंडूबाईंनी लग्न म्हटल्यावर गावात घरटी आमंत्रण दिलं होतं. म्हातारे टोप्या घालून आले, बायका गजरे माळून आल्या, आणि सगळे सरळ पुढच्या रांगेत, 'राखीव' लिहिलेल्या खुर्च्यांवर बसले. आपल्यासाठी जागा राखून ठेवली म्हणून एका आजोबांनी माझे आभार मानले. क्लबाचे सभासद भिंतीला टेकून उभे राहिले. शेवटी टेम्पोतून एक टोप उतरला. लग्नाला रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून गावानं मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. मी घाईघाईनं तो टोप पार्किंगमध्ये ठेवायला लावला, तो नेमका आप्पांच्या खिडकीखाली गेला.

प्रांतपाल मोठे असल्यामुळे उशिरा येणार होते. धोंडूबाई थांबायला तयार नव्हत्या. त्यांनी माझ्या नव्या सफारीवर हळद लावली, आम्हा दोघांना पाटावर बसवलं, समोर केळीचं पान मांडलं आणि माइकवर एकदा खाकरून घेतलं. तो आवाज त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी परत खाकरून घेतलं. मग त्या गाऊ लागल्या.

मी संगीतातला नाही. पण पहिल्या ओळीला अख्खा गाव उभा राहिला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला हे खरं. त्या एकेका देवाला नावानं हाक मारत होत्या, आणि हाक मारली की पानावर त्याच्या नावाची सुपारी ठेवत होत्या. गावदेव आला. वेशीवरचा आला. खाडीतली माउली आली. मग त्यांनी वेणूकडे वळून विचारलं, "तुमची मानसं कोन? गेल्याली?" वेणूनं तिच्या आईचं नाव सांगितलं आणि माझ्या वडिलांचं सांगितलं. धोंडूबाईंनी त्यांनाही गाण्यात बोलावलं, साताऱ्याहून वाट दाखवत दाखवत, डोंगर उतरवून, खाडी ओलांडून. दोन सुपाऱ्या वाढल्या. वेणू रडत होती. मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो.

कारण प्रांतपाल आले होते. त्यांना बसायला खुर्ची नव्हती. कुणीतरी त्यांना स्वागतकक्षातलं स्टूल दिलं. त्यांना पुढे पनवेलला दुसरा पूल बघायचा होता. कृष्णातराव दारातून मला खुणा करू लागले. आधी घड्याळ दाखवलं, मग गळ्यावरून बोट फिरवलं, मग हात जोडले. शेवटी चिठ्ठी आली: 'साहेब निघतायत. ढाल गेली.' तिकडे धोंडूबाईंचे देव संपायचं नाव घेत नव्हते.

आणि मी उठलो. मुंडावळ्या बांधलेला नवरा पाटावरून उठला, माइकपाशी गेला, आणि धोंडूबाई श्वास घ्यायला थांबल्या त्या क्षणी म्हणाला, "धोंडूबाईंचे आपण सर्व जण आभारी आहोत. वेळेअभावी इथेच थांबू या."

टाळ्या वाजल्या. फक्त मागून वाजल्या. दोन सभासदांनी तत्परतेनं येऊन पाट उचलले, केळीचं पान सुपाऱ्यांसकट गुंडाळून बादलीत टाकलं आणि तिथं प्रांतपालांचं टेबल लावलं. कृष्णातरावांनी धोंडूबाईंच्या खांद्यावर शाल घातली. त्यांनी ती घालू दिली, पण त्यांचं लक्ष बादलीकडे होतं. गावची माणसं एकेक करून उठली. राखीव जागेबद्दल आभार मानणारे आजोबा जाताना माझ्याकडे बघून थांबले आणि नुसतीच मान हलवून गेले. टोपही परत टेम्पोत चढला. रिकाम्या झालेल्या खुर्च्यांपुढे प्रांतपाल पुलाबद्दल सुंदर बोलले. ढाल आम्हाला मिळाली. फोटोत ती माझ्या हातात आहे आणि कपाळावर मुंडावळ्या आहेत.

घरी आल्यावर मी हळद लागलेली सफारी धुवायला टाकली. वेणूनं मात्र मुंडावळ्या काढल्या नाहीत. तशीच कुकर लावायला उभी राहिली.

"अगं, काढ की आता."

"लग्न चालू आहे अजून," ती म्हणाली.

त्या रात्री मला वाढताना ती एवढंच बोलली. सकाळी दूधवाल्यासमोरही ती मुंडावळ्या बांधूनच गेली.

सोमवारी महाप्याला प्रितेशनं मला गुडमॉर्निंग केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मीच त्याच्याकडे गेलो.

"साहेब, लोचा झालाय," तो खाली बघत म्हणाला. "उद्या रुतिकाची हळद. आजी बोलते, मी हळदीला हात लावनार नाय. बोलावलेले देव तुमच्या हॉलमधी बसलेत. ना त्यांना मान मिळाला, ना कोनी पोचवलं. त्यांना तसंच सोडून हितं दुसऱ्या लग्नाला कुठल्या तोंडानं बोलवू, असं बोलते."

"दुसरी कुणी धवलारीण बघता येणार नाही?"

"कोनाचं सुरू झालेलं दुसरी हातात घेत नाय. उरनवाले फोनवर फोन करतात. आज-उद्या करत ऱ्हायलो तर ते काय थांबनार नाय साहेब. बहीन काल संध्याकालपास्नं जेवली नाय."

मी माझ्या टेबलावर परत आलो, पण काम सुचेना. ढाल घरी शोकेसमध्ये होती आणि तिकडे एका मुलीचं लग्न माझ्यामुळे अडलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी क्लबाची तातडीची सभा झाली. प्रार्थना झाली, इतिवृत्त झालं. दिलगिरीचा ठराव मांडावा, असं एक मत पडलं. ठराव इंग्रजीत असावा की मराठीत यावर वडे येईपर्यंत चर्चा झाली. चष्मेवाल्याचा मेव्हणा म्हणाला, नवऱ्या मुलाला चष्मा देऊ. कृष्णातराव पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "आवं सेक्रेटरी, चिठ्ठी म्या धाडली, पण उठला कोण? तुमी. जावा आन पाया पडा. ठरावानं काय हुतंय?"

तेवढ्यात आप्पा आले आणि त्यांनी कळवलं की पार्किंगमधल्या मटणाबद्दल कमिटीनं क्लबाला हॉल बंद केला आहे, ही आजची शेवटची सभा, आणि वडेही इथेच संपवावेत.

मंगळवारी सकाळी रजा टाकून मी आणि वेणू गावात गेलो. वेणू मुंडावळ्यांसकट. रस्त्यानं लोक बघत होते, आणि मी तिच्यापासून दोन पावलं पुढे चालत होतो. नंतर मला त्याचीही लाज वाटली. मांडव घातलेला होता, पण त्यात कुणी नव्हतं. धोंडूबाई ओट्यावर बसल्या होत्या. क्लबाची शाल घडी घालून शेजारी ठेवलेली.

मी तयार केलेलं वाक्य म्हटलं, "आमच्याकडून अनवधानानं जो अवमान झाला..."

"थांब र," त्या म्हणाल्या. "तुज्यावर मी कशाला रागवू? देव तू बोलवलंस का? मी बोलवलं. नावं घेऊन बोलवलं. तुजा बापूस साताऱ्यासून आयला, मी वाट दावली म्हनून आयला. नी त्याला बादलीत टाकलं. मी त्याला काय सांगू? त्या माइकच्या लोभानं मी गेलू, नी माजी लाज गेली."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. पण त्यांना माझ्यापेक्षा जास्त शरम वाटत होती, आणि ती माझ्या वाटची होती.

"आता काय करायचं?" वेणूनं विचारलं.

"जिथं बसलेत तिथं जायचं. तिथनंच पोचवायचं. पन सुपाऱ्या कुटं हान?"

मी घसा साफ केला. बादली सोसायटीच्या कचऱ्यात केव्हाच गेली होती.

"माझ्याकडे आहेत," वेणू म्हणाली. "हे साहेबांबरोबर फोटो काढत होते तेव्हा मी बादलीतून काढल्या. धुऊन तांदळात ठेवल्यात."

धोंडूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. घरात रुतिका ऐकत उभी होती. ती लगेच चप्पल शोधू लागली.

आता हॉल. आप्पा म्हणाले, हॉल क्लबाला बंद आहे, शिवाय आज तो बुक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलदीपचा पाचवा वाढदिवस. मी आप्पांसमोर हात जोडले. आप्पांनी मला नियम वाचून दाखवला. मी परत हात जोडले. त्यांनी पोटनियम वाचून दाखवला. तेवढ्यात फुगे घेऊन कुलदीपची आई जिन्यानं खाली आली, तिनं वेणूच्या मुंडावळ्या बघितल्या आणि म्हणाली, "अहो, मग या ना! केक सहाला आहे. तोपर्यंत लावा लग्न." ज्यानं हॉल घेतला त्यानं कुणाला बोलवावं याबद्दल पोटनियमात काही नव्हतं. आप्पांनी तो दोनदा तपासला आणि नाखुशीनं किल्ली दिली.

म्हणून माझ्या लग्नाचा दुसरा हप्ता फुग्यांच्या माळांखाली, 'हॅपी बर्थडे' लिहिलेल्या भिंतीपुढे सुरू झाला. माइक नव्हता. धोंडूबाईंनी तो मागितलाही नाही. गावची बरीच माणसं परत आली, हळद तिकडे खोळंबलेली असताना आली. राखीव खुर्चीवाले आजोबा कागदी टोपी घातलेल्या पोरांमध्ये मांडी घालून बसले. कृष्णातराव मार्केटातून तसेच आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. तेजश्री खोलीचं दार उघडून खाली आली. प्रांतपाल नव्हते, ढालही नव्हती.

वेणूनं तांदळातून सुपाऱ्या काढून पानावर मांडल्या. धोंडूबाई जिथं थांबवलं होतं तिथून गाऊ लागल्या. देवांना मान दिला, हळदकुंकू वाहिलं, आणि मग एकेकाला पोचवायची वेळ आली.

"प्रत्येकाच्या पाया पड," त्या मला म्हणाल्या, "नी बोल, चुकलो."

मी वाकलो. गावदेवाला म्हणालो, वेशीवरच्याला म्हणालो. पोरं हसत होती, गुडघे दुखत होते. खाडीतल्या माउलीपाशी एका पोरानं पिपाणी वाजवली. सासूबाईंच्या सुपारीला म्हणालो. मग वडिलांची सुपारी आली. ते होते तोवर मी त्यांना हा शब्द एकदाही म्हटला नव्हता. म्हणायला जागा पुष्कळ होती. या वेळी म्हणालो. धोंडूबाईंनी त्यांना खाडी ओलांडून, डोंगर चढवून, पार घरापर्यंत सोडलं.

पान रिकामं झालं. मी गुडघ्यावर हात टेकून उठू लागलो.

"कुटं चाललास?" धोंडूबाई म्हणाल्या. "एक ऱ्हायलं."

मी पान बघितलं. त्यावर काही नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला असं मला वाटलं, आणि मी धोंडूबाईंच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मना नको. हिला बोल. नवरीचं लगीन नवऱ्यानंच उठून थांबवलं, असं मी जल्मात नाय बगितलं."

मी वेणूकडे वळलो. आप्पांसमोर हात जोडून झाले होते, धोंडूबाईंसमोर तयार वाक्य म्हणून झालं होतं, सगळ्या देवांची माफी मागून झाली होती. शेजारच्या पाटावर बसलेल्या बाईची मागायची असते हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पिपाणी थांबली. दारात रुतिका चौकटीला धरून उभी होती, आणि माझ्या तोंडून एक शब्द निघायची वाट बघत होती.

"चुकलो," मी म्हणालो. आवाज नीट फुटलाच नाही.

वेणूनं मुंडावळ्यांच्या आडून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, पण सूर रोजचाच होता.

"मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

मी मोठ्यानं म्हणालो. धोंडूबाईंनी शेवटचं धवलं उचललं, आणि ते संपताच रुतिका लुगडं सावरत आपल्या हळदीला पळत सुटली.